राशीतून घरासाठी किती ठेवाल?

सकस आहाराबद्दल वाचक विचारतात तेव्हा चार शंका हमखास येतात. ओट्स, किनोआ असं काही विकत आणायला हवं का? ज्वारीची भाकरी खाल्ली तर शुगर वाढत नाही ना? बीट-डाळिंब खाऊनही एचबी का वाढत नाही? आणि रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात हे खरं का?

चारही प्रश्नांची उत्तरं पुढे येतील. त्याआधी एक गोष्ट. परभणी जिल्ह्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन, करडई पिकते. चांगल्या जेवणाला जे लागतं त्यातलं बरंचसं आपल्याच शिवारात निघतं, आणि रास झाली की मोंढ्यावर जातं. मग तीच डाळ आपण किराणा दुकानातून पावशेर-पावशेर आणतो आणि पुरवून पुरवून शिजवतो. घरचा आहार सुधारायचा असेल तर सुरुवात इथे करा: विकण्याआधी घरचं बाजूला काढा. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठीही हिशेब तोच आहे, फक्त पैसा कुठे घालायचा ते ठरवायला तो उपयोगी पडतो.

ताटात काय कमी पडतं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित सूचना काढल्या. दिवसाला साधारण २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यातलं प्रमाण असं आहे. वजनं सगळी कच्च्या जिनसांची:

- ज्वारी, गहू, तांदूळ, बाजरी सगळं मिळून २५० ग्रॅम
- डाळी आणि कडधान्यं ८५ ग्रॅम (मांसाहार करणाऱ्यांनी त्यातला काही भाग अंडी, मासे, मटणातून घ्यावा)
- पालेभाज्या, फळभाज्या, कंद मिळून ४०० ग्रॅम
- फळं १०० ग्रॅम
- दूध किंवा दही ३०० मिलिलिटर
- शेंगदाणे, तीळ, जवस यांसारख्या बिया ३५ ग्रॅम
- तेल-तूप २७ ग्रॅम

शेतात राबणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं. त्याने भाकरी वाढवावी, पण तिच्याबरोबर डाळही वाढवावी. आता ही यादी आपल्या रोजच्या ताटाशेजारी ठेवून बघा. धान्य कमी पडतंय असं घर क्वचित सापडेल. कमी पडते ती डाळ, आणि त्याहून कमी पडते भाजी. चार भाकरी, वाटीभर पातळ वरण आणि चिमटीभर ठेचा असं जेवण झालं की पोट भरतं, म्हणून काही राहून गेल्याचं लक्षातच येत नाही.

माणशी ४०० ग्रॅम म्हणजे पाच जणांच्या घरात रोज दोन किलो भाजी. हा आकडा बघून घाबरू नका. आज अर्धा किलो येत असेल तर एक किलोवर या, तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

वरणाचा हिशेब

प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलो वजनाच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. हे असं जमतं:

- ज्वारीचं २५० ग्रॅम पीठ: सुमारे २५ ग्रॅम
- तुरीची ५० ग्रॅम डाळ: सुमारे ११ ग्रॅम
- मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे: सुमारे ६ ग्रॅम
- पेलाभर दूध किंवा वाटीभर घट्ट दही: ४ ते ५ ग्रॅम

पाच जणांत १०० ग्रॅम तूर शिजवली तर माणशी २० ग्रॅम डाळ आली, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. वरण दिसायला भरपूर असतं, पण ते पाण्याने वाढवलेलं असतं. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत एक घटक कमी असतो आणि नेमका तोच डाळीत भरपूर असतो; दोन्ही एकत्र पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात. भाकरी-पिठलं, धपाटे-दही, हुलग्याचं माडगं, वरणफळं ही जोडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तिला फक्त मुबलक होऊ द्या.

प्रथिनांची पावडर विकत घेऊ नका. त्याच राष्ट्रीय सूचनांत अशा पावडरी टाळायला सांगितलं आहे. त्या पैशात कितीतरी किलो हरभरे येतात.

रास झाली की काय बाजूला काढायचं

पाच जणांच्या घराचा वर्षाचा हिशेब वरच्या प्रमाणावरून केला तर असा येतो:

- डाळी-कडधान्यं: सुमारे १५५ किलो, म्हणजे दीड क्विंटल. यात तूर, मूग, उडीद, हरभरा, हुलगे, मटकी सगळं आलं. अख्ख्या तुरीची डाळ करताना टरफल आणि चुरी जाऊन साधारण ७० टक्केच डाळ हाती येते, म्हणून तूर त्या मानाने जास्त ठेवा. मूग, हरभरा, मटकी अख्खीच वापरली तर ही घट येत नाही, आणि मोड काढता येतात.
- तेलबिया: शेंगदाणे, तीळ, जवस, कारळं मिळून ६० ते ६५ किलो. लहान मुलं असतील तर थोडं कमी चालेल.
- धान्य: सुमारे साडेचार क्विंटल.

धान्याच्या आकड्याकडे नीट बघा. पाच जणांच्या प्राधान्य कुटुंबाला रेशनवर महिन्याला २५ किलो, वर्षाला ३०० किलो धान्य मिळतं. म्हणजे धान्याची दोनतृतीयांश गरज रेशनवर भागते, पण डाळीचा एक दाणाही त्यातून येत नाही. ज्यांना शेत नाही त्यांनी म्हणूनच उरलेला पैसा आधी डाळीला लावावा, मग भाजीला, आणि धान्याला शेवटी. शेत असेल तर दीड-दोन क्विंटल ज्वारी घरात ठेवली की भाकरीचं वर्ष निभतं.

ठेवताना या चुका टाळा

- औषध लावलेलं बियाणं कधीही खाऊ नका, धुऊनही नाही. पेरणीतून उरलेली सोयाबीनची किंवा हरभऱ्याची पिशवी स्वयंपाकघरात येऊच देऊ नका.
- किडीसाठी विषारी गोळ्या घालून धान्य राहत्या घरात साठवू नका. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. कडक ऊन द्या, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोठीत भरा.
- शेंगदाण्याला बुरशी दिसली, कडवट लागले, तर निवडून वापरू नका, सगळे टाका. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजूनही जात नाही.

सोयाबीन घरात कसं वापरायचं

ज्या जिल्ह्यात खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन असतं तिथल्या स्वयंपाकघरात ते जवळजवळ नसतं, याची मला फार खंत वाटते. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये ३५ ते ४०. ते खाऊन पोट बिघडतं ही तक्रार खरी आहे, पण कारण आहे वापरण्याची पद्धत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेने निष्प्रभ होतो. म्हणून कच्चं सोयाबीन थेट दळणात टाकू नका.

- दाणे निवडून, धुऊन उकळत्या पाण्यात टाका आणि २५ ते ३० मिनिटं उकळू द्या.
- पाणी काढून टाका, चोळून टरफलं काढा, कडक उन्हात वाळवा, मग मंद आचेवर हलकं भाजा.
- नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात एक किलो असं दळून आणा. भाकरी थापायला अडचण येत नाही आणि चव फारशी बदलत नाही.

दळण एकदम जास्त आणू नका. सोयाबीनमध्ये तेल असल्याने पीठ खवट होतं. आठ-दहा दिवसांचंच आणा. याहून सविस्तर प्रक्रिया शिकायची असेल तर परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. अन्न आणि पोषण हा तिथला अभ्यासाचाच विषय आहे. बचत गटाने तिथे किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

भाकरी कोणती, आणि शुगर असेल तर किती

ओट्स, किनोआ वाईट नाहीत, पण तुम्हाला त्यांची गरज नाही. ज्वारी तुमच्या घरात आहे, ती अख्ख्या दाण्याची आहे, आणि याच विद्यापीठाने इक्रिसॅट संस्थेबरोबर काम करून ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी २०१८ मध्ये दिली. देशातली ही पहिली जैवसंपृक्त ज्वारी. म्हणजे लोह आणि जस्त बाहेरून न मिसळता दाण्यातच वाढवलेली. तिच्यात किलोला सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. साधारण ज्वारीत ते ३० आणि २० च्या आसपास असतं. शिवाय लोह शोषू न देणारा घटक तिच्यात कमी आहे. ही खरिपाची ज्वारी आहे. विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे. त्या दिवशी खरीप मेळावा भरतो आणि बियाण्याची विक्री होते. रब्बीचा मेळावा १७ सप्टेंबरला असतो. घरखर्चापुरत्या चार-सहा काकऱ्या या ज्वारीच्या लावता येतील का, एवढा विचार जरूर करा. बाजरी पेरत असाल तर विद्यापीठाच्याच एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ या संकरित जातींत लोह आणखी जास्त आहे.

आता शुगरची शंका. ज्वारी खाल्ल्याने साखर वाढत नाही, हे खरं नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत ६७-६८ ग्रॅम पिष्ट पदार्थ असतात, गव्हाच्या पिठात साधारण तेवढेच. पांढऱ्या भाताच्या मानाने भाकरीने साखर सावकाश चढते, हा तिचा फायदा. पण तीन मोठ्या भाकरी खाल्ल्या तर तो फायदा संपला. मधुमेह असेल तर:

- एका वेळी एक मध्यम भाकरी, आणि ताटात निम्मी जागा भाजी-काकडी-मुळ्याला.
- आधी भाजी आणि डाळ, मग भाकरी. घट्ट वरण असू द्या.
- गूळ, मध, खडीसाखर यांना सूट नाही. रक्तात गेल्यावर तीही साखरच.
- गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकादशी असो वा रोजा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नका. साखर एकदम खाली येणं जिवावर बेतू शकतं.
- कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करून ‘फक्त ज्वारीवर’ राहू नका.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी वरचा प्रथिनांचा हिशेब स्वतःला लावू नये. त्यांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील.

बीट खाऊनही एचबी का वाढत नाही

कारण बीटमध्ये लोह फार नसतं. शंभर ग्रॅम बीटमधून एक मिलिग्रॅमही मिळत नाही, डाळिंबातून त्याहून कमी. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढेल ही समजूत महागात पडते. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आपली राष्ट्रीय शिफारस सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. सारखा थकवा, दम लागणं, पायात गोळे, चक्कर हे ‘बायकांचं चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका.

करायचं ते असं:

- तपासा. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात एचबी मोफत तपासतात. बाईचं १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे. ७-८ असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.
- गोळ्या घ्या. रक्तक्षय झाल्यावर तो केवळ जेवणाने भरून निघत नाही. गरोदर बाईला लोहाच्या लाल गोळ्या १८० दिवस रोज मिळतात, शाळेतल्या किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. शौचाला काळं होणं साहजिक आहे, त्याने घाबरून गोळ्या सोडू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या.
- चहा दूर ठेवा. चहा-भाकरी ही आपली सकाळची सवय लोहाच्या मुळावर येते. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको. गोळी चहाबरोबर तर नकोच, दुधाबरोबरही नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.
- लिंबू पिळा. वरणावर लिंबू, भाकरीबरोबर कच्चा टोमॅटो, पेरू, आवळा. आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाकरीतलं लोह जास्त शोषलं जातं.
- जंताची गोळी मुलांना शाळेत-अंगणवाडीत वर्षातून दोनदा मिळते, ती चुकवू नका.
- लोखंडी तवा-कढई पुन्हा वापरात आणा.

लोह मिळवण्यासाठी बाजरी, हुलगे, मटकी, तीळ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, आणि खात असाल तर कलेजी-मटण. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी, जिल्ह्यात माळकरी घरं पुष्कळ आहेत. अंडी-मांस वर्ज्य असलेल्या घरांत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता राहू शकते. ते वनस्पतीतून मिळत नाही. म्हणून दूध, दही, ताक रोज असू द्या. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासून घ्या.

आणि एक गोष्ट घरातल्या पुरुषांना सांगायची आहे. घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते आणि तिच्या वाट्याला भाकरी आणि भांड्याच्या तळाचं वरण येतं. वर लिहिलेलं सगळं केलं आणि ही पद्धत तशीच ठेवली तर तिचं एचबी वाढणार नाही. सगळ्यांनी एकत्र बसा, किंवा स्वयंपाक झाल्या झाल्या तिचा वाटा आधी काढून ठेवा. गरोदर सुनेच्या बाबतीत तर यावर चर्चाच नको.

भाजी: विकत घेण्याआधी बांधावर बघा

पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, तरोटा, कुर्डू, अंबाडी. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, मेथी, शेपू, चुका, चाकवत. उन्हाळ्यात खरी अडचण होते, म्हणून हिवाळ्यातच हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून ठेवा आणि दारात एक शेवगा लावा. त्याला सांडपाणी पुरतं, आणि शेंगा नसतात तेव्हाही पाला असतो. भेंडी लावायची तर ‘परभणी क्रांती’ आपल्याच विद्यापीठाची. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या शेतातली रानभाजी मात्र तोडू नका, कितीही ताजी दिसली तरी.

उपवासाची भगर: इथे जिवाशी खेळ नको

नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की मराठवाड्यात कुठे ना कुठे भगरीतून विषबाधा झाल्याची बातमी येते. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, आणि पीठ केल्यावर ती दिसत नाही. त्यामुळे:

- भगरीचं सुटं किंवा आधी दळून ठेवलेलं पीठ घेऊ नका. अख्खी, सीलबंद, तारीख छापलेली भगर घ्या.
- निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळा.
- उरलेलं पीठ पुढच्या उपवासासाठी ठेवू नका.
- उलट्या, चक्कर, थरथर सुरू झाली तर ताबडतोब दवाखाना गाठा. पाकीट आणि उरलेलं अन्न टाकू नका, तपासणीला लागतं.

उपवासाला रताळी, राजगिरा, दही, शेंगदाणे, केळी हे साबुदाण्यापेक्षा पुष्कळ चांगलं. साबुदाण्यात पिष्ट सोडलं तर काही नाही.

तेल, मीठ, साखर

पाच जणांच्या घराला महिन्याला चार किलो तेल पुरे. जास्त लागत असेल तर ते कशात जातं ते महिनाभर लिहून बघा. करडईचं तेल आपल्याकडचं, चांगलं आहे. सोबत जवसाची चटणी ठेवा, कारण जवसातलं ओमेगा-३ करडईत नसतं. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे पाच जणांना महिन्याला पाऊण किलो. लोणचं, पापड, फरसाण, ठेचा यातलं मीठही त्यात धरायचं. वैशाखाच्या उन्हात राबणाऱ्याने मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील जरूर प्यावी, पण रक्तदाब असणाऱ्याने डॉक्टरांना विचारून.

दुधात घालायच्या गोड पावडरी मुलांना ‘ताकदीच्या’ म्हणून देत असाल तर डब्यावर साखर किती ते वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तिनांत साखर असेल तर ते मुलांचं रोजचं खाणं नव्हे. चहा-बिस्किटावर वाढणाऱ्या बाळाला तर भूकच लागत नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर मऊ वरण-भात, ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी, वर अर्धा चमचा तूप.

भेसळीचा संशय आला तर कोणीही ग्राहक शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ ने तो हक्क दिला आहे. अन्न व औषध प्रशासनाचा तक्रार क्रमांक १८००-२२२-३६५.

रेशनच्या तांदळातले पांढरे दाणे

ते प्लास्टिक नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून तांदळाच्याच आकाराचे दाणे करतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. ते वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगूही शकतात. निवडून फेकू नका, तांदूळ फार चोळून धुऊ नका. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच हा तांदूळ वापरा.

तुमच्या हक्काचं काय काय आहे

पुढच्या बहुतेक गोष्टी राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ ने हक्क म्हणून दिल्या आहेत. मागताना संकोच करू नका.

- रेशन: अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालंय का ते बघा, नाहीतर नाव अडकतं.
- केशरी कार्डावरचे शेतकरी: राज्यातल्या ज्या १४ जिल्ह्यांत या शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत होतं त्यात परभणी आहे. जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात रक्कम येते. सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये, पुढे १७०. पाच जणांचे ८५० रुपये होतात. ते डाळीसाठीच राखून ठेवा.
- अंगणवाडी: सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला, गरोदर आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतच्या आईला आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम जेवण. पाकिटातलं पीठ मुलाला आवडत नाही म्हणून जनावराला घालू नका. धपाटे, थालीपीठ, खिरीत मिसळा. दर महिन्याला वजन करून घ्या. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बाळ तीव्र कुपोषित आहे. त्याला उपचार हवेत, सेविकेला त्याच दिवशी सांगा.
- शाळा: पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनं मिळतील असं जेवण. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जाऊन चव बघावी, वरणाचा घट्टपणा बघावा. ठरलेलं जेवण मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याची तरतूद कायद्यात आहे.
- मातृवंदना योजना: पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असल्यास ६,०००. नोंदणी आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे.

दुकानदाराने कमी दिलं, पावती दिली नाही, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करा. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे जाता येतं. कार्ड क्रमांक, तारीख, किती मिळायला हवं होतं आणि किती मिळालं, एवढं अर्जात असलं की पुरे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

दसरा-दिवाळीनंतर गाव सोडून कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबांचे सहा महिने असेच बिनभाजीचे, बिनदुधाचे जातात. निघण्याआधी एवढं करा. घरातल्या सगळ्यांचे आधार कार्डाशी जोडलेले रेशनचे तपशील नीट आहेत ना ते तपासा. ‘एक देश एक रेशन’मुळे फडाजवळच्या कोणत्याही दुकानात अंगठा देऊन धान्य उचलता येतं, आणि गावी म्हातारी माणसं राहिली असतील तर त्यांचा वाटा गावातल्या दुकानात घेता येतो. अंगणवाडी सेविकेला कुठल्या कारखान्यावर जाताय ते सांगा आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड, गरोदर बाईचं माता-बाल कार्ड बरोबर घ्या; पोहोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत नाव नोंदवायचं. लोहाच्या गोळ्या पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या मागून घ्या. सामानात पाच-सहा किलो मुगाची डाळ, फुटाणे, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, वाळवलेला हरभऱ्याचा पाला भरा. मुगाची डाळ तुरीपेक्षा लवकर शिजते, फडावरच्या तीन दगडांच्या चुलीवर जळण वाचतं.